हाताची हालचाल ओळखणारी कांडी

दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर उभा राहून एखादा मनुष्य हातातील पांढऱ्या कांडीने हवेत टेनिसचे फटके मारू लागला, तर अजाण माणसास ते वेडाचे चाळे वाटतील. परंतु त्याच क्षणी पडद्यावरील बाहुला खरोखरच चेंडू टोलवीत असतो. जपानमधील क्योटो येथील निंटेंडो कंपनीने २००६ साली विक्रीस आणलेल्या ‘वी’ नावाच्या घरगुती खेळयंत्राची ही कांडी होय. हाताची हालचाल तिला कळते तरी कशी?

कांडीच्या पोटात प्रवेगमापक असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा लवचीक आधारांवर तोललेला असतो. कांडीला धक्का बसला की जडत्वामुळे तो किंचित मागे राहतो, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युत्‌धारणाही बदलते. त्या बदलावरून धक्क्याचा जोर समजतो. कांडी स्वस्थ असली तरी गुरुत्वाकर्षण त्या तुकड्याला ओढीतच असते. म्हणून ती कोणीकडे कलली आहे, हेही उमगते.

घोटाळ्याचे मूळही येथेच आहे. डोळे मिटून मोटारीत बसलेल्या प्रवाशाची पाठ आसनावर दाबली गेली, तर मोटारीने वेग घेतला की ती घाट चढू लागली, हे नुसत्या दाबावरून त्यास सांगता येणार नाही. प्रवेगमापकाची गत तीच. शिवाय सपाट धरलेली कांडी जागच्या जागी घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश फिरविली, तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत तिच्या दृष्टीने काहीच फरक पडत नाही. म्हणून यंत्र पुष्कळसे अंदाजावर चाले. खेळाडूंनी हे लवकरच ताडले. कोचावर रेलून मनगटाला नुसता हिसका दिला तरी टेनिसचा पुरा फटका बसे! व्यायामाच्या हौसेने यंत्र घेणाऱ्यांनी स्वतःचीच केलेली ही फसवणूक म्हणावी लागेल.

उलट, जे मनापासून हात फिरवीत, त्यांच्या हातून कांडी निसटे आणि मनगटाला बांधलेली तिची बारीक दोरी तुटे. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर केले.

पडद्यापाशी ठेवावयाच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण नाव फसवे आहे. ती काहीच टिपीत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. त्यांना पाहणारा कॅमेरा असतो कांडीच्या टोकाशी, आणि त्यावरून कांडीचा रोख ठरतो. पट्टीऐवजी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागते, कारण ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात.

मूळ उणीव भरून काढण्यासाठी २००९ साली ‘मोशनप्लस’ हा जोडभाग आला. तो कांडीच्या बुडाशी बसवीत. त्यात घूर्णी असते. मात्र ती गरगरणाऱ्या चाकाची नव्हे, तर सतत कंप पावणाऱ्या सूक्ष्म भागांची. फिरत्या चौथऱ्यावर मध्यापासून कडेकडे सरळ चालू पाहणारा मनुष्य बाजूला ढकलला जातो. त्याचप्रमाणे कांडी वळताच हा कंप आडवा सरकतो, आणि जितके वळणे वेगाचे तितका तो अधिक सरकतो. अशा रीतीने कलणे आणि धक्का यांचा निवाडा होऊ लागला. घूर्णीच्या लहान चुका साचत जातात खऱ्या. त्या सुधारण्यास गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि पट्टीचे दिवे यांचा आधार घेता येतो.

त्याच वर्षी आलेल्या ‘वी स्पोर्ट्‌स रिसॉर्ट’ या खेळसंचातील तलवारबाजीत मनगट किती अंशांनी वळले, यालाही महत्त्व आले. २०१० मध्ये घूर्णी मूळ कांडीतच बसविण्यात आली आणि वेगळ्या जोडभागाची गरज उरली नाही.