मावळ्याच्या फेट्यावरची सावली

दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं रंगवायचं काम गटाला मिळालं, तर आधी माप समजून घ्या. साडेपाच फुटी माणूस म्हणजे 66 इंच. आपला मावळा 3 इंचांचा, म्हणजे 22 पट लहान. याला स्केल म्हणतात. त्याच मापाने किल्ल्याचा 22 फुटी दरवाजा एक फुटाचा होतो.

भाजलेली माती रंग पिते, म्हणून पहिल्यांदा पांढरं अस्तर, म्हणजे प्रायमर. मग अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की नाकडोळे बुजतात.

खरी गंमत पुढे आहे. एवढ्याशा चित्राच्या चुण्यांत पुरेशी सावली पडत नाही, ती रंगानेच पाडावी लागते. गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून फिरवा. तो चुण्यांत उतरतो, बाकीचा फडक्याने टिपून घ्या. हा वॉश. खालचा रंग खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर सगळा चिखल! नंतर ब्रश फिक्या रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून हलकेच ओढा. फेट्याचे पीळ, ढालीची कड उठून दिसते. हा ड्राय ब्रश. डोळे शेवटी, जिचा हात स्थिर तिच्याकडेच.

यात वेळ जातो, आणि ठेकेदार पैसे नगावर देतो. म्हणून काम घेण्याआधीच एक सपाट रंगवलेलं आणि एक सावली दिलेलं चित्र त्याच्यापुढे ठेवा, आणि दोन्हींचे दर वेगळे सांगा.