गोल्फच्या मैदानात तळं तिरपं का खोदतात? एका फटक्यामागचं गणित

ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली आणि पदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. गावाकडच्या कित्येक मोबाईलवर तेव्हा पहिल्यांदाच गोल्फ बघितला गेला. अदितीचा पहिला फटका बाकीच्या पुढच्या खेळाडूंपेक्षा बराच आखूड पडत होता. तिची खरी भिस्त ग्रीनवर बॉल हलकेच ढकलण्याच्या कौशल्यावर होती. मग ज्याच्या मनगटात जोर कमी, त्याला या खेळात जागा कशी राहते? याचा एक भाग मैदान आखणाऱ्याच्या हातात असतो. तो कसा, ते समजून घेऊया.

आधी थोडी ओळख. जिथून पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी. जिथे झेंडा आणि बॉल पाडायचा खड्डा असतो ती बारीक कापलेल्या गवताची जागा म्हणजे ग्रीन. मधली हिरवी पट्टी म्हणजे फेअरवे. अंतर यार्डात मोजतात, एक यार्ड म्हणजे तीन फूट. वाटेत मुद्दाम तळं, ओढा किंवा वाळूचे खड्डे ठेवलेले असतात. बॉल पाण्यात गेला आणि तिथून खेळता येत नसेल, तर एक फटका दंड.

आता हे तळं ठेवायचं कसं? टीच्या समोर बरोबर आडवं ठेवलं तर प्रश्न एकच उरतो, पलीकडे जातो की नाही. जोरवाला डोळे मिटून मारणार, बाकीचे अलीकडे थांबणार. डोकं कुणालाच लावावं लागत नाही. फेअरवेच्या कडेने सरळ लांब ठेवलं तर फक्त दिशा सांभाळायची. पण तेच तळं तिरपं ठेवलं की खेळ बदलतो.

शेततळ्याच्या कोपऱ्यावर गोफण घेऊन उभे आहात असं समजा. कोपऱ्याजवळच्या बाजूला दगड टाकला तर थोडंच पाणी ओलांडावं लागतं. समोरच्या लांबच्या कोपऱ्याकडे टाकायचा तर सगळं तळं पार करावं लागतं. किती पाणी ओलांडायचं हे तुम्ही कुठे तोंड करून उभे राहता त्यावर ठरतं.

हेच आकड्यात बघू. ग्रीन टीपासून सरळ रेषेत ३८० यार्डांवर आहे, पण त्या रेषेवर डाव्या हाताला तळं पसरलंय आणि त्याचा पलीकडचा काठ तिरपा आहे. पहिला खेळाडू सावध. तो झेंड्याच्या ३० अंश उजवीकडे, म्हणजे घड्याळात बारा ते एक एवढ्या कोनात मारतो. त्याला १५० यार्ड पाणी ओलांडायचंय, तो २०० मारतो. बॉल सुखरूप, पण ग्रीन अजून सुमारे २३० यार्ड लांब. दुसऱ्या फटक्यात ते त्याला गाठता येणार नाही. दुसरा खेळाडू धाडसी. तो फक्त १० अंश उजवीकडे मारतो. ओलांडायला २२० यार्ड, मारतो २४०. त्याला उरतात जवळपास १५०. एकाच फटक्यात ८० यार्डांचा फायदा!

पण धाडसाची किंमतही तिथेच आहे. त्याचा फटका ५ अंश डावीकडे सरकला तर ओलांडायचं अंतर २२० वरून २५५ च्या आसपास जातं. बॉल तेवढाच लांब गेला, जोर तेवढाच लागला, तरी पाण्यात. आडव्या तळ्यात असं होत नाही, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी अंतर फारसं बदलत नाही. तिरप्या काठावर मात्र दिशेची चूक लगेच अंतराची चूक होते. आणि आखूड मारणाऱ्यालाही घरी बसावं लागत नाही. त्याने उजवीकडून यावं, तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर बॉल झेंड्याजवळ टाकावा, चौथ्यात खड्ड्यात. हिशोब बरोबर.

या आखणीला गोल्फमध्ये 'केप' म्हणतात, म्हणजे भूशिर. हे नाव चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड या अमेरिकन आखणीकाराकडून आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर त्याने नॅशनल गोल्फ लिंक्स हे मैदान उभं केलं, त्याचा १४ वा होल म्हणजे मूळ केप. गंमत अशी की तिथे भूशिर होतं ते ग्रीनच, तीन बाजूंनी पाण्यात घुसलेलं. पुढे ते ग्रीन हलवलं गेलं आणि लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते तिरप्या पहिल्या फटक्याचं. त्याच माणसाने बर्म्युडा बेटावर मिड ओशन क्लबचा ५ वा होल आखला. तिथे उंचावरच्या टीवरून खालचं मँग्रोव्ह लेक ओलांडायचं असतं.

नुसतं तळं तिरपं खोदलं म्हणजे झालं असंही नाही. सुरक्षित बाजू फारच मोकळी ठेवली तर सगळेच तिकडे मारतील आणि तळं नुसतं शोभेला. म्हणून फेअरवेच्या पलीकडच्या कडेला वाळूचे खड्डे, झाडं किंवा वाढलेलं गवत ठेवतात. घाबरून फार उजवीकडे मारलेला बॉल फेअरवे ओलांडून त्यात जातो. शिवाय बहुतेक उजव्या हाताच्या हौशी खेळाडूंचा बॉल उजवीकडे वळतो. पाणी डावीकडे असलं तर तो वळण त्यांना वाचवतं, उजवीकडे असलं तर बुडवतं. म्हणून चांगला आखणीकार एकाच मैदानात दोन्ही प्रकार ठेवतो. वारा असेल तर सगळा हिशोब परत पहिल्यापासून. काल १० अंशाची वाट परवडत होती, आज समोरून वारा आहे, तर २० अंशावरच समाधान मानावं लागतं. महिला, ज्येष्ठ आणि नवशिके यांच्यासाठी पुढे वेगळ्या टी असतात, तिथून काठाचा तिरपेपणाही बदलतो. नुसतं अंतर कमी करून कोन बघितला नाही तर तो होल त्यांच्यासाठी बेचव होतो. ही चूक अजूनही होते.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर फ्लोरिडातलं टीपीसी सॉग्रास बघा. पीट डाय यांनी आखलेलं हे मैदान १९८० मध्ये सुरू झालं. १८ वा होल ४६२ यार्डांचा, टीपासून ग्रीनपर्यंत डावीकडे सलग पाणी. तिथली प्लेयर्स चॅम्पियनशिप मार्चमध्ये असते आणि शेवटच्या दिवशी आघाडीवरचा खेळाडू त्या टीवर येतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. बॉलकडे नंतर बघा, आधी तो पाय कुठल्या दिशेला रोवतो तेवढं बघा.