निर्देशांक निधी : अल्प खर्चाची गुंतवणूक

अमेरिकेत १९७६ साली जॉन बोगल यांनी सर्वसामान्यांसाठी पहिला निर्देशांक निधी आणला, तेव्हा १५ कोटी डॉलरच्या अपेक्षेपुढे सुमारे १.१ कोटीच जमले. तत्त्व साधे होते : निवडीच्या फंदात न पडता निर्देशांकातील सर्वच कंपन्यांत त्यांच्या भारांशानुसार रक्कम गुंतवावयाची. निफ्टीच्या निधीत अशा ५० कंपन्या येतात. वारंवार खरेदी-विक्री टळल्याने खर्च घटतो. वार्षिक १० टक्के वाढ गृहीत धरल्यास ३० वर्षांत १ लाख रुपयांचे, दरवर्षी २ टक्के खर्च वजा जाता सुमारे १० लाख, तर पाव टक्का वजा जाता १६ लाखांहून अधिक होतात. बाजारासोबत हा निधीही घसरतो. म्हणून नजीकच्या गरजेची रक्कम मुदत ठेवीतच असावी. दीर्घ मुदतीसाठी मात्र दरमहा ५०० रुपयांनीही आरंभ करता येतो. थेंबे थेंबे तळे साचते, गळती रोखली तरच.