अडल्याच्या बाजूने

जाब्रियात मुबारक अल-कबीर हॉस्पिटल आहे, मध्यवर्ती रक्तपेढी आहे, कुवेत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. कुवेतमधला आजारी माणूस कधी ना कधी या भागात येतोच. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीयांसह सुमारे ५० माणसं गेली, तेव्हा जखमींपैकी काहींना इथेच आणलं होतं. त्या दिवसांत इथला भारतीय समाज धावून गेला. तो नेहमीच जातो. १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावलं, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे मायदेशी पोचले. त्यात एअर इंडियाचा वाटा मोठा होताच. पण बस जमवणं, याद्या करणं, वाटेतल्या छावण्यांत अन्न पोचवणं ही कामं इथल्याच व्यापाऱ्यांनी, नोकरदारांनी आणि गृहिणींनी केली.

धावपळ थांबते आणि जखमा भरू लागतात, तेव्हा दुसरे प्रश्न पुढे येतात. कंपनीकडून येणं किती? विमा कुणाच्या नावावर? अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला तर पुढे काय? डोळा लागला की धूर दिसतो, हे सांगायचं कुणाला? डॉक्टरला एवढा वेळ नसतो. वकील पैशाचं तेवढं ऐकतो. मंदूब कंपनीचा माणूस. या सगळ्यांच्या मधे एक माणूस हवा असतो, शिकलेला, पगारी आणि अडलेल्याच्या बाजूने उभा राहणारा. मी मुंबईत समाजकार्य शिकून इथे आले, आणि या माणसाची उणीव मला सतत जाणवते. युरोपने तो माणूस सव्वाशे वर्षांत घडवला, तोही प्रत्येक देशाने आपापल्या अनुभवातून. त्याचा हा आढावा.

समाजकार्याचं पूर्णवेळ शिक्षण देणारी जगातली पहिली शाळा १८९९ मध्ये ॲमस्टरडॅमला निघाली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये ॲलिस सालोमन वर्षभराचा अभ्यासक्रम उभा करत होत्या. स्त्री-पुरुषांच्या असमान वेतनावर प्रबंध लिहून १९०६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९०८ मध्ये शोनेबर्गला मुलींसाठी समाजकार्याची शाळा काढली. याच सुमारास, १९०८ मध्ये मुंबईत आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे आणि बर्लिनच्या ॲलिसबाई या समकालीन. घराबाहेर पडू पाहणाऱ्या बाईला समाजाचं काम हाच रस्ता मोकळा होता, आणि दोघींनीही तो शिक्षणाने पक्का केला. सालोमनबाईंचं म्हणणं असं की गरिबाच्या घरी जाणाऱ्याला अर्थशास्त्र, कायदा आणि आरोग्य समजलं पाहिजे. नुसत्या कळवळ्याने समोरच्याचं नुकसानही होऊ शकतं. १९२८ च्या पॅरिस परिषदेनंतर समाजकार्य शाळांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच.

पुढचा इतिहास काळा आहे. सालोमन जन्माने ज्यू. १९३७ मध्ये नाझींनी त्यांना देशाबाहेर घालवलं आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्कला त्या वारल्या. त्यांच्या देशात कल्याण खात्याने गरीब कुटुंबांच्या ज्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यांचा उपयोग १९३३ च्या कायद्याखाली सक्तीच्या नसबंदीसाठी माणसं निवडायला झाला. घरात शिरून विश्वासाने मिळवलेली माहिती त्याच घरावर उलटली. समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षी शिकवलं पाहिजे, असं मला वाटतं.

आजचा जर्मनी पाहताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. तिथे बरंचसं काम सरकार स्वतः करत नाही. कॅथलिक कारितास, प्रोटेस्टंट डायकोनी, १९१९ मध्ये मारी युखाच यांनी स्थापलेली कामगार कल्याण संघटना, रेड क्रॉस, ज्यू कल्याण संस्था आणि धर्मनिरपेक्ष संस्थांचा एक महासंघ अशा सहा मोठ्या छत्रांखाली ते चालतं. पैसा बव्हंशी सार्वजनिक, माणसं संस्थेची. शिक्षण मुख्यतः उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्थांमधून मिळतं. पदवीसोबत राज्याची मान्यता घ्यावी लागते, आणि अशा मान्यताप्राप्त व्यक्तीने अशिलाचं गुपित फोडलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. गुप्ततेच्या बाबतीत फ्रान्सही याच बाजूचा. तिथे १९३२ मध्ये सरकारी पदविका आली, १९४६ च्या कायद्याने पदनामाला संरक्षण दिलं आणि व्यावसायिक गुप्तता बंधनकारक केली.

इंग्लंडची वाट वेगळी. १९७० च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक परिषदेत समाजसेवा विभाग आला आणि समाजकार्यकर्ता परिषदेचा नोकर झाला. त्याच्या हाती अधिकार आले आणि प्रत्येक बालमृत्यूचा ठपकाही. १९७३ मध्ये मारिया कोलवेल, २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी, २००७ मध्ये पीटर कॉनेली ही मुलं घरातल्या छळाने दगावली. चौकशा झाल्या, नवे नियम आले आणि दर नियमामागे एक नवा फॉर्म आला. शेवटी २०११ मध्ये प्राध्यापक आयलीन मन्रो यांना सरकारला सांगावं लागलं की कार्यकर्ते संगणकापुढे फार बसतात आणि मुलांजवळ फार कमी. १ एप्रिल २००५ पासून तिथे नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. तरीही जागा रिकाम्या राहतात, आणि त्या भरायला भारतातली एमएसडब्ल्यू झालेली मुलंमुली जातात.

अधिकार जास्त झाले की काय होतं, हे भारतीयांनी नॉर्वेत पाहिलं. २०११ मध्ये स्ताव्हांगरमधल्या एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुलं बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली आणि वर्षभराने ती भारतात परतली. आपल्याकडे चर्चा रंगली ती आईने मुलांना हाताने भरवण्यावरच्या आक्षेपाची. खात्याला गुप्ततेमुळे बोलता येत नव्हतं, म्हणून एकच बाजू ऐकू आली, हेही लक्षात ठेवायला हवं. पण खुद्द युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये दुसऱ्या एका, नॉर्वेतल्याच मायलेकरांच्या प्रकरणात त्या देशाला दोषी ठरवलं: मूल आईपासून तोडताना कुटुंब पुन्हा जोडण्याचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून. परक्या देशातल्या आईच्या वागण्याचा अर्थ लावताना कार्यकर्त्याला तिची भाषा आणि तिचं घर किती कळतं, हा प्रश्न मला तिथे सगळ्यात मोठा वाटतो.

इटलीकडे मात्र मी आदराने पाहते. फ्रांको बझालिया हे मनोविकारतज्ज्ञ १९६१ मध्ये गोरित्सियाच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं. १९७१ मध्ये ते त्रिएस्तला गेले. तिथे १९७३ मध्ये रुग्णांनी आणि कलावंतांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला. तो फाटकातून बाहेर निघेना म्हणून फाटक फोडावं लागलं आणि त्याच्यामागून रुग्ण शहरात आले. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने नवी मनोरुग्णालयं उघडायला बंदी घातली आणि जुनी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. बाहेर आलेल्यांना घर हवं, काम हवं, शेजार हवा. समाजकार्यकर्त्यांचं काम तिथून सुरू झालं. बरं झालेल्यांच्या सहकारी संस्थांना १९९१ मध्ये कायद्याने रूप मिळालं. येरवडा किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरे होऊनही, घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं राहणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पूर्व युरोपात कम्युनिस्ट राजवटीने जाहीर केलं की समाजवादात सामाजिक प्रश्न उरतच नाहीत. रोमानियात समाजकार्याचं शिक्षण १९६९ मध्ये बंद झालं. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत लाखाच्या घरात मुलं सापडली. १९९० मध्ये अभ्यासक्रम पुन्हा सुरू करावा लागला.

आपल्याकडे १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने शाळा सुरू केली. पुढे तीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. अभ्यासक्रम अमेरिकी वळणाचा होता, पण फाळणीनंतर विद्यार्थी कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत राबले. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती नेमली गेली. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९८४ चा प्रयोग: मुंबईच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष. टेबल पोलिसांच्या आवारात, पण त्यामागे बसलेली बाई पोलिसांची नव्हे. मार खाऊन आलेल्या स्त्रीला तक्रार लिहायची की नाही, हे ठरवायला तिथे वेळ मिळतो. हा कक्ष पुढे महाराष्ट्रभर पसरला. इंग्लंडला चौकशांमागून चौकशा करूनही अधिकार आणि विश्वास यांचा जो तोल साधत नाही, तो इथे बऱ्याच अंशी साधला आहे. उणीव आहे ती कायद्याची. भारतात एकूण समाजकार्याला स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे सरसकट नोंदणी नाही आणि चुकलेल्याचा परवाना काढून घेण्याची सोयही नाही.

कुवेतमध्ये समाजकार्य नवं नाही. सरकारी शाळांत समाजकार्यकर्ते असतात, विद्यापीठात हा विषय शिकवतात. २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने घरकामगारांना आठवड्याची सुट्टी, कामाच्या तासांची मर्यादा आणि लेखी करार दिला. जलीब अल-शुयूखमध्ये सरकारी निवारा आहे. भारतीय दूतावासाकडे स्वतःचा निवारा आणि २००९ पासूनचा समाजकल्याण निधी आहे. पण खादिम, म्हणजे घरकामाच्या, व्हिसावर आलेली बाई कफीलच्या, म्हणजे मालकाच्याच, घरात राहते, तिचा करार तिच्या भाषेत नसतो, आणि ज्याला तिची भाषा कळते तो बहुधा सुट्टीच्या दिवशी मदत करणारा स्वयंसेवक असतो. त्याच्या भलेपणाबद्दल मला शंका नाही. पण सुट्टी संपली की तो रविवारी सकाळी ऑफिसला जातो, आणि तिचं प्रकरण पुढचे आठ महिने चालतं. तिने सांगितलेलं गुपित त्याने कुठे ठेवायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. आपली मुलं जर्मन शिकू लागली आहेत, शिकावीच. त्याच उमेदीने अरबी शिकलेले दहा-बारा समाजकार्यकर्ते आखातासाठी तयार करता येतील. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला फार महत्त्व असतं. त्यातले सहा महिने मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांनी दूतावासाच्या निवाऱ्यात ठेवावेत आणि खर्च कल्याण निधीतून व्हावा. इथल्या महाराष्ट्र मंडळाने राहण्याची सोय बघावी. आपली मंडळी ती आनंदाने करतील. नेमणुकीच्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: पगार मालकाच्या संघटनेकडून येणार नाही, नोंदी कुलपात राहतील आणि त्या बाईच्या संमतीशिवाय कुणालाही, दूतावासालाही, दाखवल्या जाणार नाहीत, आणि ती मायदेशी पोचल्यावरही गावातल्या जवळच्या कार्यकर्त्याशी तिची गाठ घालून दिल्याशिवाय प्रकरण बंद होणार नाही.