बापाची मेथड, पोराची मेथड

‘ओव्हरलोडिंग आणि ओव्हरराइडिंग यांतला फरक सांगा’ हा व्हायव्हातला हमखास प्रश्न. मीही उत्तर पाठ करून मार्क मिळवले होते. फरक खरा कळला तो मेसच्या बिलांमुळे.

हॉस्टेलच्या मेससाठी मी जावात प्रोग्रॅम लिहिला. ‘मेंबर’ हा मूळ क्लास. त्यात बिल(इंट दिवस) ही मेथड : दिवस गुणिले ६० रुपये. काही जण एकच वेळ जेवतात, म्हणून ‘मेंबर’वरून ‘एकवेळ’ हा क्लास काढला. बापाचं सगळं पोराला आयतं मिळालं. फक्त बिल निम्मं हवं होतं. वारशात आलेली मेथड पोराने त्याच नावाने, तेच पॅरामीटर ठेवून पुन्हा लिहायची, याला ओव्हरराइडिंग म्हणतात.

मी मात्र अर्धा दिवसही मोजता यावा म्हणून पोरात बिल(डबल दिवस) लिहिलं. कंपाइल झालं, एकही एरर नाही. बिलं बोर्डावर लागली. माझा रूम पार्टनर पैसे पुरत नाहीत म्हणून फक्त रात्री जेवायचा. त्याला ३० दिवसांचे ९०० ऐवजी १८०० आले. त्याने मुकाट्याने उसने आणून भरले. मला आठ दिवसांनी कळलं.

झालं काय होतं? पॅरामीटरचा टाइप बदलला की ते ओव्हरराइडिंग राहत नाही, दुसरीच मेथड तयार होते. हेच ओव्हरलोडिंग. माझी यादी ‘मेंबर’ टाइपची होती, म्हणून कंपायलरने बापाच्या क्लासात बघून बिल(इंट) निवडली. प्रोग्रॅम चालताना ऑब्जेक्टला एवढंच विचारलं जातं, ‘ही मेथड तू पुन्हा लिहिली आहेस का?’ पोराने लिहिलेली नव्हती. मग बापाचीच चालली.

उपाय एका ओळीचा. मेथडच्या डोक्यावर ‘ॲट ओव्हरराइड’ लिहा. २००४ च्या जावा ५ पासून ही सोय आहे. मेथड बापाशी जुळली नाही तर कंपायलर तिथंच अडवतो. आणि आत ३० चा दर नव्याने लिहू नका, सुपर.बिल(दिवस) भागिले २ लिहा. उद्या दर वाढला तरी बदल एकाच जागी.

सी प्लस प्लसवाल्यांनी बापाच्या मेथडला ‘व्हर्च्युअल’ लावायला विसरू नये, नाहीतर बापाच्या पॉइंटरवरून बापाचीच मेथड चालते.

पार्टनरला त्याचे ९०० परत मिळाले. आता बोर्डावर लावण्याआधी प्रत्येक प्रकारच्या एका मेंबरचं बिल मी कागदावर हाताने काढून बघतो.