काचपट्टीवरचे काळे ठिपके

१९६५ साली अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी'त एक लांबलचक शोधनिबंध छापून आला. त्यावर दोन नावं होती : जोझेफ ऑल्टमन आणि गोपाल दास. उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागात, जन्मानंतरही नव्या चेतापेशी तयार होत राहतात, असं त्यांनी पुराव्यानिशी मांडलं होतं. आज साठीच्या माणसाला डॉक्टर सांगतात, 'रोज चाला, मेंदू तरतरीत राहील.' त्या सल्ल्याला जोडून नव्या पेशींचा जो दाखला हमखास दिला जातो, त्याचं मूळ या निबंधात आहे. मला या निबंधाचा, आणि त्याहूनही त्याच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचा, फार जुना नाद आहे. एखादी खरी गोष्ट रीतसर छापून येते, तरी तीस वर्षं ती कुणाच्या गळी उतरत नाही, हे घडतं कसं?

ऑल्टमन यांचा जन्म १९२५ चा, बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबातला. नाझी काळातल्या सक्तमजुरीच्या छावणीतून ते वाचले, युद्धानंतर युरोप सोडून अमेरिकेत पोचले आणि १९५९ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठात मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. मेंदूच्या शरीररचनेचा अभ्यास त्यांनी बराचसा स्वतःच्या हिमतीवर केला. या क्षेत्रात कोण कुणाचा शिष्य याला फार महत्त्व होतं आणि ऑल्टमन कुणाचेच पट्टशिष्य नव्हते. एमआयटीत काम सुरू केलं तेव्हा ते नव्या चेतापेशी शोधत नव्हते. मेंदूला इजा झाली की तिथल्या आधारपेशी, म्हणजे ग्लिया, कशा वाढतात हे त्यांना पाहायचं होतं. पाहता पाहता जिथे काही दिसायलाच नको होतं तिथे खुणा दिसल्या. १९६२ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी छोटासा निबंध छापला. त्याचा मथळा एक प्रश्न होता : प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का? मग दास सोबत आले आणि त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर तयार झालं.

त्यांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पेशीचं विभाजन होण्याआधी तिच्या डीएनएची नवी प्रत तयार होते आणि त्यासाठी थायमिडीन नावाचा घटक लागतो. थायमिडीनमधल्या हायड्रोजनच्या जागी किरणोत्सारी ट्रिटियम घालायचं आणि ते उंदराला टोचायचं. त्या घटकेला ज्या पेशी विभाजनाच्या तयारीत असतील त्यांच्या डीएनएत ते कायमचं बसतं, बाकीच्या पेशी कोऱ्या राहतात. काही दिवसांनी वा महिन्यांनी मेंदूचे अतिशय पातळ काप काढून काचपट्टीवर घ्यायचे. मग डार्करूममध्ये जाऊन काचपट्टी फोटोच्या फिल्मला लावतात तसल्या चांदीयुक्त पातळ इमल्शनमध्ये बुडवायची आणि काळोख्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवून द्यायची. ट्रिटियममधून निघणारे कण फार दूर जात नाहीत. लगतच्या इमल्शनवर तेवढा परिणाम करतात. शेवटी फोटो धुवावा तशी काचपट्टी धुतली की खूण असलेल्या पेशीच्या केंद्रकावर चांदीचे बारीक काळे ठिपके उमटतात. ते डोळ्यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक करत मोजायचे. हे काम पेटी उघडण्याची घाई झालेल्या माणसाचं नव्हे.

आक्षेप सरळ होता आणि माझ्या मते रास्तही. हिप्पोकॅम्पसच्या ज्या पट्ट्यात हे ठिपके दिसले, तिथल्या चेतापेशी अगदी लहान आणि दाटीवाटीने बसलेल्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या आणि ग्लिया यांत गल्लत होऊ शकते. एखादी ग्लिया चेतापेशीला चिकटून बसली तर ठिपके कुणाचे हे सांगणं अवघड. रास्त शंका आली की कुणीतरी प्रयोग पुढे न्यायचा असतो. तसं झालं नाही. चेतासंस्थेच्या अभ्यासाचे प्रणेते काहाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रौढ मेंदू म्हणजे पक्की झालेली रचना असल्याचं सांगून ठेवलं होतं आणि तेवढ्यावर सगळे थांबले. ऑल्टमन १९६८ मध्ये इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेले आणि मेंदूची वाढ कशी होते याच्या कामात त्यांनी स्वतःला गाडून घेतलं. दासही पर्ड्यूत होते. चेतापेशींच्या पूर्वज पेशी एका उंदरातून दुसऱ्या उंदराच्या मेंदूत रुजवण्याचे सुरुवातीचे प्रयोग या दोघांनी केले; १९७१ च्या 'सायन्स'मध्ये ते आले आहेत. प्रौढ मेंदूतल्या नव्या पेशींच्या इतिहासात ऑल्टमन यांच्या मागे एक स्वल्पविराम देऊन दासांचं नाव येतं आणि कथा पुढे सरकते. भारतीय वाचकाने तरी त्या नावापाशी थोडं थांबावं.

ऑल्टमन दुर्लक्षित राहिले, पण त्यांची कारकीर्द टिकली. मायकेल कॅप्लन यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

बॉस्टन विद्यापीठात शिकत असताना कॅप्लन यांनी नेमकी त्या आक्षेपाची जागा हेरली. ठिपके असलेली पेशी त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेली. तिथे चेतापेशीच्या फांद्या दिसतात, इतर पेशींशी झालेले जोड दिसतात; ग्लियाशी गल्लत होण्याची सोय उरत नाही. १९७७ साली मार्गदर्शक जेम्स हाइंड्स यांच्यासोबत त्यांनी 'सायन्स'मध्ये छापलं : या चेतापेशीच आहेत. शंकेचं उत्तर मिळालं होतं. तरीही क्षेत्र हललं नाही. तो उंदीर होता, माकड नव्हतं. माकडाचं दाखवलं तर पुढचा प्रश्न तयार होता. कॅप्लन न्यू मेक्सिकोत गेले. तिथे त्यांना जी टीका सोसावी लागली तिचे किस्से त्यांनी नंतर सांगितले आहेत. येलमधले पास्को राकिच आपल्याला म्हणाले की न्यू मेक्सिकोत या चेतापेशी दिसत असतील, न्यू हेवनमध्ये दिसत नाहीत, ही आठवण त्यांपैकीच. ती कॅप्लन यांच्या बाजूची आहे हे लक्षात ठेवून वाचावी. अखेर त्यांनी संशोधन सोडलं, वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि पुनर्वसन वैद्यकात रुग्ण तपासू लागले. २००१ मध्ये 'ट्रेंड्स इन न्यूरोसायन्सेस'मध्ये त्यांनी ही हकिगत लिहिली. एक सिद्धान्त आणि एक कारकीर्द अशा दोन मृत्यूंचा उल्लेख त्या लेखाच्या मथळ्यातच आहे. ज्याने रास्त आक्षेपाला रास्त उत्तर दिलं त्यालाच क्षेत्राबाहेर जावं लागतं, याची चीड आल्याशिवाय तो लेख वाचून होत नाही.

राकिच यांना मात्र मी खलनायक करणार नाही. १९८५ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये १२ ऱ्हीसस माकडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रिटियम टोचल्यावर काही माकडं तीन दिवसांनी, तर काही सहा वर्षांनी तपासली होती. निष्कर्ष : जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळानंतर नवी चेतापेशी नाही. त्यांचा युक्तिवाद विचार करायला लावणारा होता. आयुष्यभराचं शिकणं जपून ठेवायचं तर पेशीही आयुष्यभर त्याच राहिलेल्या बऱ्या. सारख्या बदलल्या तर आठवण टिकेल कशी? दोनच वर्षांपूर्वी रॉकफेलर विद्यापीठातल्या फर्नांडो नॉटेबोम आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी प्रौढ कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत, गाण्याशी संबंधित भागात, नव्या चेतापेशी दाखवल्या होत्या. कॅनरी नर दर हंगामात गाण्यात नवे तुकडे घालतो. पक्ष्याला ते परवडतं, माणसाला नाही, असा राकिच यांचा रोख होता.

मग नव्वदचं दशक आलं, खूण करायला बीआरडीयू नावाचं नवं रसायन आलं, आणि सगळं भराभर बदललं. १९९८ मध्ये स्वीडनचे पीटर एरिक्सन आणि कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेचे फ्रेड गेज यांनी माणसाचा पुरावा आणला. कर्करोगाच्या काही रुग्णांना गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढताहेत हे पाहण्यासाठी बीआरडीयू दिलं गेलं होतं. त्यांतल्या पाच जणांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली. ते ५७ ते ७२ वयाचे होते. पाचही जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. आपलं मरण समोर दिसत असताना या माणसांनी मेंदू देऊ केला. या सबंध इतिहासात मला सर्वांत मोठे वाटतात ते हे पाच जण. पुढच्याच वर्षी डेव्हिड कॉर्नॅक आणि खुद्द राकिच यांनी प्रौढ मकाक माकडाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी असल्याचं छापलं. आपल्याच म्हणण्याविरुद्धचा पुरावा स्वतः प्रसिद्ध करायला बळ लागतं. शिवाय मेंदूच्या बाह्यकाबद्दल, म्हणजे कॉर्टेक्सबद्दल, त्यांचंच खरं ठरलं. तिथेही नव्या पेशी येतात असा कॅप्लन यांचा आणि पुढे प्रिन्स्टनच्या एलिझाबेथ गूल्ड यांचा दावा होता; तो टिकला नाही.

तो निकाल ज्या पद्धतीने लागला तिचा विचार केला की मी थक्क होतो. १९५० आणि ६० च्या दशकांत जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेलं. हवेतून ते पिकात आलं, पिकातून अन्नात, अन्नातून त्या काळात तयार होणाऱ्या प्रत्येक पेशीच्या डीएनएत. ज्वारीची भाकरी खाणारा माणूसही यातून सुटला नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन यांच्या गटाने याचाच उपयोग पेशीची जन्मतारीख काढायला केला. कॉर्टेक्समधल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. २०१३ मध्ये हिप्पोकॅम्पसची पाळी आली, तेव्हा हिशेब निघाला की प्रत्येक बाजूला रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी येतात.

आता चालण्याकडे येतो. १९९९ मध्ये गेज यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा व्हान प्राग यांनी दाखवलं की पिंजऱ्यात पळायचं चक्र दिलेल्या उंदरांत नव्या पेशी वाढतात. त्याच वर्षी गूल्ड आणि ट्रेसी शोर्स यांनी दाखवलं की नव्या पेशींपैकी पुष्कळशा काही आठवड्यांत मरतात आणि उंदराला काही शिकायला लावलं तर जास्त टिकतात. पळण्याने येतात, शिकण्याने टिकतात, हे उंदरांपुरतं भक्कम आहे. माणसांचा सर्वांत गाजलेला प्रयोग २०११ चा, कर्क एरिकसन आणि सहकाऱ्यांचा. ५५ ते ८० वयाचे १२० बैठे लोक घेतले. निम्मे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालले, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत. निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा १.४ टक्के घटला. ही बातमी जगभर फिरली. तिच्यातून एक गोष्ट गळली : स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले होते. आणि एमआरआयमध्ये आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. तो आकार रक्तवाहिन्यांमुळे वाढला, पेशींच्या फांद्यांमुळे वाढला की आणखी कशाने, हे त्या चित्रातून कळत नाही.

२०१८ मध्ये तर मूळ भांडणच पुन्हा पेटलं. मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने 'नेचर'मध्ये छापलं की ५९ मानवी नमुन्यांत मुलांच्या पहिल्या वर्षांनंतर नव्या पेशी झपाट्याने कमी होतात आणि प्रौढांत एकही सापडत नाही. गटाचे प्रमुख आर्तुरो आल्वारेझ-बुय्या. हे नॉटेबोम यांच्याकडे कॅनरीवर काम करून आलेले, आणि २०११ चा स्पेनचा प्रिन्स ऑफ आस्तुरियास पुरस्कार ज्यांना ऑल्टमन यांच्यासोबत मिळाला तेच. जवळपास महिन्याभरात कोलंबिया विद्यापीठाच्या माउरा बोल्द्रिनी यांनी ७९ वर्षांच्या माणसापर्यंत नव्या पेशी असल्याचं छापलं. २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया योरेन्स-मार्टिन यांनी या विसंगतीची एक साधी, हाताला लागणारी बाजू दाखवली. कोवळी चेतापेशी ओळखतात ती डबलकॉर्टिन या प्रथिनाच्या रंगावरून. मेंदूचा तुकडा रसायनात फार काळ बुडून राहिला की हा रंग धरतच नाही. काही तासांत काढलेल्या तुकड्यात हजारो पेशी दिसतात, तर महिनोन्महिने बरणीत पडलेल्यात काही नाही. २०२५ च्या जुलैत फ्रिसेन यांच्या गटाने पेशींच्या जनुकीय खुणा वाचून प्रौढांमध्ये विभाजनाच्या अवस्थेतल्या पूर्वज पेशी दाखवल्या. काही प्रौढांत त्या भरपूर होत्या, काहींत जवळजवळ नव्हत्या.

ऑल्टमन यांना हे शेवटचं पाहायला मिळालं नाही; २०१६ मध्ये ते गेले. २०१२ चं जपानचं जीवशास्त्राचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मात्र त्यांच्या हयातीत मिळालं.

तेव्हा चालावं का? अवश्य चालावं, आणि नव्या पेशींच्या निकालासाठी थांबू नये. चालण्याने रक्तदाब आणि साखर ताब्यात राहते, झोप सुधारते, आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी रक्तदाबासारखा दुसरा शत्रू नाही. स्मृतिभ्रंशावरच्या 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली. ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं हे एक मोठं कारण आहे. आपल्याकडे चष्मा चारचौघांत लावतात आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवतात. घरातल्या आजोबांना शब्दकोडी आणून देणाऱ्या मुलांनी आधी त्यांचे कान तपासून घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरा आग्रह दुकानातल्या बाटल्यांबद्दल. 'मेंदूत नव्या पेशी निर्माण करतं' असं लिहिलेल्या गोळ्या, काढे आणि मोबाइलवरचे खेळ आता सर्रास विकले जातात. एरिक्सन यांचे पाच रुग्ण, फ्रिसेन यांचा कार्बन, माद्रिदच्या बरण्या, या सगळ्यांत तपासलेला मेंदू मृत माणसाचा होता. जिवंत माणसाच्या डोक्यात आज किती नव्या चेतापेशी आल्या हे मोजायची खात्रीची पद्धत अजून कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही. मग ती बाटली विकणाऱ्याने त्या मोजल्या कशा, हे त्याला विचारावं.