हेडलाइटची फडफड : बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

हेडलाइट फडफडू लागला की बहुतेकांचा हात आधी बल्बकडे जातो. नवा बल्ब बसतो, दोन दिवस बरे जातात आणि मग एखाद्या खड्ड्यात दिवा पुन्हा डोळे मिचकावतो. पुढे दुसऱ्या कंपनीचा बल्ब येतो, मग जास्त वॅटचा, मग एलईडी. पैसे जातात, फडफड राहते. कारण हॅलोजन बल्ब सहसा फडफडत नाही. त्याची तार शाबूत असेपर्यंत तो जळतो आणि तुटली की विझतो. जुन्या गाडीत दिवा थरथरतो, तेव्हा बॅटरीपासून बल्बपर्यंत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या विजेच्या वाटेत कुठेतरी खोट असते. ती शोधायला लागतो काही शे रुपयांचा मल्टिमीटर, थोडा पॉलिश पेपर आणि शाळेत शिकलेला ओहमचा नियम.

वाटेत किती जोड?

मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी महाराष्ट्रात आजही दिसते. तिच्या पिढीच्या गाड्यांत सर्रास आढळतो तो एच४ जातीचा हॅलोजन बल्ब. त्यात दोन तारा असतात. अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. १२ व्होल्टवर ५५ वॅट म्हणजे साधारण ४.६ अँपिअर करंट. दोन्ही बाजूंचे दिवे धरले तर नऊ-दहा अँपिअर.

हा करंट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघतो, फ्यूजमधून जातो, स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये येतो, तिथून अप्पर-डिपरच्या संपर्कांतून कपलरमध्ये, मग होल्डरच्या पिनेत आणि शेवटी बल्बच्या तारेत. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बल्बची अर्थ वायर एका बोल्टने पत्र्याला जोडलेली असते आणि पत्रा जाड केबलने बॅटरीच्या निगेटिव्हला. या वाटेवर डझनभर तरी जोड असतात आणि गाडीबरोबर त्या प्रत्येकाचं वय वाढत असतं.

दोन धातू खरंच टेकतात का?

धातूचे दोन चकचकीत तुकडे एकमेकांवर दाबले की ते पूर्ण पृष्ठभागाने टेकले असं आपल्याला वाटतं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात. दोन ब्रश एकमेकांवर उपडे ठेवले तर काही केसांचीच टोकं भिडतात, तसे हे तुकडे मोजक्या बिंदूंवर भिडतात. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात याच विषयाचा पाया घातला. सगळा करंट त्या मोजक्या बिंदूंमधून दाटीवाटीने जातो, म्हणून प्रत्येक जोडाला स्वतःचा थोडा रोध असतो. जोड स्वच्छ आणि घट्ट असेल तर तो नगण्य राहतो.

गाडी चालली की इंजिनाच्या आणि रस्त्याच्या कंपनांनी हे बिंदू घासले जातात. उघड्या पडलेल्या ताज्या धातूवर हवेतला ऑक्सिजन लगेच थर चढवतो. हा ऑक्साइड विजेला अडवतो. कोकणात आणि मुंबईत हवेतला दमटपणा आणि मिठाचे कण गंज वाढवतात. पावसाळ्यात आडोसा शोधत बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायर कुरतडतात, तो वेगळाच ताप.

आता समजा, होल्डरच्या एका पिनेवर ०.२ ओहम रोध तयार झाला. आकडा किरकोळ वाटतो. पण ४.६ अँपिअरला तिथे सुमारे ०.९ व्होल्ट खर्ची पडतात आणि चार वॅटहून अधिक उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साठते. पितळेची पकड सैल पडते, प्लास्टिक तपकिरी होतं, पकड सुटल्यामुळे रोध वाढतो आणि रोध वाढल्यामुळे उष्णता. एकदा सुरू झालेलं हे चक्र आपोआप थांबत नाही.

त्यात टंगस्टनच्या तारेचा एक गुण भर घालतो. पेटलेल्या तारेचं तापमान २,९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. त्यामुळे दिवा लावल्याच्या पहिल्या क्षणी करंटचा मोठा लोंढा येतो. सैल जोड तार थंड होण्याइतका वेळ उघडला, तर जोडताना पुन्हा तोच लोंढा येतो, ठिणगी पडते आणि संपर्काला खड्डे पडतात.

एक व्होल्ट गेला तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर ११.८ असतील, तर चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड वाटेतच संपला. 'जुन्या गाडीचा उजेड मंदच असतो' या समजुतीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. फडफडही याच घाताची करामत. बल्बवरचं व्होल्टेज किंचित हललं तरी उजेड त्याच्या तिपटीहून जास्त हलतो आणि डोळा तो टिपतो.

फडफड कधी होते ते आधी पाहा

हत्यारं काढण्याआधी गाडी अंधारात भिंतीसमोर उभी करा आणि नीट निरीक्षण करा. निम्मं निदान तिथेच होतं.

एकच दिवा फडफडत असेल तर दोष त्याच्या होल्डरमध्ये किंवा त्याच्या अर्थ वायरमध्ये. दोन्ही एकत्र फडफडत असतील तर सामाईक वाट तपासा. म्हणजे फ्यूज, स्विच, रिले असल्यास रिले आणि बॅटरीचे टर्मिनल. हेडलाइटबरोबर डॅशबोर्डचे दिवेही थरथरत असतील तर बॅटरी, मुख्य अर्थिंग किंवा अल्टरनेटर.

फक्त डिपर फडफडतो आणि अप्पर स्थिर राहतो? अप्पर-डिपर स्विचचा संपर्क किंवा होल्डरची एक पिन. इंडिकेटर लावल्यावर हेडलाइटही त्याच तालावर मंद-तेज होतो? दोघांची सामाईक अर्थ खराब झाली आहे. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालल्यावरच फडफड सुरू होते? तापून पकड सोडणारा स्विच किंवा होल्डर.

इंजिन बंद ठेवूनही दिवा फडफडत असेल तर अल्टरनेटर निर्दोष. इंजिन चालू असतानाच फडफडत असेल तर तो संशयित. इंजिन संथ असताना दिवे मंद आणि रेस दिल्यावर तेज होत असतील, तर फॅन बेल्ट सैल, बॅटरी थकलेली किंवा चार्जिंग कमी.

मीटर काय सांगतो

पुष्कळजण मीटर ओहमवर ठेवून वायर तपासतात आणि फसतात. दहा तारांपैकी नऊ तुटलेली वायरसुद्धा ओहमवर जवळपास शून्य दाखवते, कारण मीटर तिच्यातून अगदी नगण्य करंट सोडतो. दिव्याचे पाच अँपिअर गेले की तिचं खरं रूप कळतं. म्हणून मोजणी दिवा पेटलेला असतानाच करायची.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद आणि गाडी काही तास उभी असेल तर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा, हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. त्याहून बराच कमी किंवा १५ च्या वर असेल तर चार्जिंगचा दोष आहे.

मग डिपर लावा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी होल्डरच्या मागून डिपरच्या पिनेला टेकवा. दिसणारा आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. नंतर होल्डरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करायची वेळ झाली आहे. आकडा मोठा आला तर वाटेचे तुकडे पाडून एकेक जोड मोजत जा. ज्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये मोठा फरक दिसेल, तिथेच चोर सापडला. जपानी घडणीच्या काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे परतीची वाटही स्विचमधून जाते, हे ध्यानात ठेवा.

अल्टरनेटर तपासायचा तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर मोजा. अल्टरनेटर आतून तीन फेजची एसी वीज बनवतो आणि डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड गेला की डीसीत लाटा उरतात. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर डायोडवर संशय घ्यावा. कार्बन ब्रश झिजले तरी चार्जिंग तुटक होतं. ही दुरुस्ती मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावी.

एक खोड कटाक्षाने टाळा. चालू इंजिनात बॅटरीचा टर्मिनल काढून 'अल्टरनेटर चालतो का' पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि चांगले डायोड, शिवाय गाडीत असल्यास इंजिनाचा कंट्रोल युनिट, दोन्ही जाऊ शकतात.

हाताने करायची कामं

इंजिन बंद, चावी बाहेर, हातातलं कडं-अंगठी काढलेली. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह आणि बसवताना शेवटी निगेटिव्ह. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ठिणगी किंवा विडी-सिगारेट जवळ नको.

पहिलं काम टर्मिनलचं. त्यावरचा पांढरा-हिरवट थर कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने निघतो. फेस येतो तो आम्ल निष्प्रभ होताना सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. तारेच्या ब्रशने घासून, पुसून, कोरडं करून टर्मिनल घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुसरं काम अर्थिंगचं. बॅटरीकडून पत्र्याला आणि इंजिनाला जाणाऱ्या केबल, तसेच हेडलाइटजवळचे अर्थचे बोल्ट सोडा. लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा. रंगावर आवळलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी वीज नीट वाहत नाही. आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासा. जुन्या गाड्यांची बरीच फडफड या दोन बिनखर्ची कामांनीच जाते.

तिसरं काम होल्डरचं. प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा पिन सैल असेल तर होल्डर बदला. बाजारात सिरॅमिकचे होल्डर वायरसह मिळतात. जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा लग दाबून वर उष्णतेने आक्रसणारी स्लीव्ह चढवावी. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. त्वचेचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि काच निकामी होऊ शकते.

चौथं काम रिलेचं. जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून जातो. रिले बसवला की स्विचला फक्त रिलेच्या विद्युतचुंबकापुरता, म्हणजे अँपिअरच्या अंशाइतका, करंट हाताळावा लागतो. दिव्याचा करंट बॅटरीकडून थेट जाड वायरने येतो. अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, असा साधा संच तयारही मिळतो. स्विच अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीसाठी मात्र त्याच पद्धतीचा संच घ्यावा.

जास्त वॅटचा मोह

मंद उजेडावर १००/९० वॅटचा बल्ब हा तोडगा सर्रास सुचवला जातो. ६० ऐवजी १०० वॅट लावले की करंट दीडपटीहून अधिक होतो आणि जोडांतली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे जवळपास पावणेतीन पट वाढते. आधीच दमलेली वायरिंग त्याने जळू शकते. एलईडी करंट कमी घेतो, पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. त्यात एलईडी घुसवला की उजेड विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि फ्यूज वारंवार जात असेल तर जागी मोठा फ्यूज किंवा तार घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मूळ क्षमतेचा साधा एच४ बल्ब, त्याच्या पिनांवर पूर्ण व्होल्टेज आणि नीट बसवलेला रोख, एवढ्यात बहुतेक जुन्या गाड्या रात्री चालवण्याजोग्या होतात. फडफड थांबेपर्यंत मात्र रात्रीचा घाट टाळा, कारण आज थरथरणारा जोड उद्या वळणावर पूर्ण सुटू शकतो. स्विचजवळ जळका वास येत असेल किंवा वायर हाताला गरम लागत असेल तर दिवे बंद करून गाडी थेट इलेक्ट्रिशियनकडे न्या. बाकी सगळ्यांनी दरवर्षी पावसाळ्याआधी वायपर आणि टायर पाहताना अर्थिंगचे बोल्टही उघडून पाहावेत.